ग्रामोफोनच्या जनकावरच विक्रीबंदी का आली?

प्रश्न : एमिल बर्लिनर यांना स्वतःचाच ग्रामोफोन अमेरिकेत विकता येईनासा झाला, असे वाचले. हे कसे घडले?

उत्तर : याचे मूळ एका करारात आहे. बर्लिनर यांच्या फिलाडेल्फियातील कंपनीने 1896 मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रँक सीमन यांना विक्रीचे एकाधिकार दिले. यंत्रे मात्र कॅम्डेन येथील एल्ड्रिज जॉन्सन यांच्या कारखान्यात तयार होत. उत्पादन एकाच्या हाती, विक्री दुसऱ्याच्या आणि पेटंट तिसऱ्याचे, ही रचना माझ्या मते मुळातच ठिसूळ होती. कारखाना यंत्रांसाठी लावत असलेली किंमत सीमन यांना जास्त वाटू लागली, आणि पुढे त्यांनी ‘झोनोफोन’ हे स्पर्धक यंत्र बाजारात आणले. त्यातच अमेरिकन ग्राफोफोन या प्रतिस्पर्धी ध्वनियंत्र कंपनीने पेटंटभंगाचा दावा लावलेला होता. 1900 मध्ये सीमन यांनी तो भंग न्यायालयात मान्य करून तिच्याशी हातमिळवणी केली, आणि त्याच वर्षी, एकाधिकाराच्या कराराचा आधार घेऊन, बर्लिनर यांच्या विक्रीवर मनाई हुकूम मिळवला. ज्याने सपाट तबकडीचे तंत्र घडवले, त्याच्यावर ही वेळ यावी, हे खरोखर क्लेशदायक आहे. बर्लिनर यांनी पुढे कॅनडातील माँट्रियलमध्ये व्यवसाय चालवला. जॉन्सन यांनी 1901 मध्ये व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी उभी केली.