आजी-आजोबांच्या ‘खालच्या’ तक्रारी आणि वारंवार होणारे संसर्ग: केअरटेकरने काय बघायचं?

प्रश्न: भुसावळला एका घरी केअरटेकर म्हणून लागले आहे. आजी ७६ वर्षांच्या, आजोबा ८१. कोर्समध्ये प्रजननसंस्था आणि रोगप्रतिकारशक्ती हे दोन्ही धडे घाईघाईत उरकले. आजींच्या लुगड्याला डाग दिसतात, पण विचारलं की “माले काही नही व्हयनं” म्हणतात. नेमकं काय बघू आणि कधी सांगू?

उत्तर:

ताई, आधी डागाचा रंग बघा. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक थेंब दिसला तरी तो डॉक्टरांना दाखवायचाच. आपल्याकडे मे महिन्यात “उष्णतेनं झालं असेल” म्हणून विषय संपवतात. बऱ्याचदा कारण साधंच निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सरही असाच सुरू होतो आणि लवकर कळला तर त्यावर चांगला उपचार आहे. त्यामुळे त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ. डाग पिवळा-हिरवा आणि वास मारणारा असेल तर जंतुसंसर्ग धरा. दह्यासारखा पांढरा आणि सोबत खाज असेल तर बहुधा बुरशी. अशा वेळी साखर तपासायला सांगा. डाग नाही, नुसती आग आणि कोरडेपणा, असंही असतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक कमी झाल्यामुळे तिथली त्वचा पातळ होते, त्यातूनच लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो.

धुताना कोमट पाणी, पुढून मागे, प्रत्येक वेळी फडक्याची नवी घडी. डेटॉल नको, आत साबण नको. टिपून कोरडं करा, घासू नका. जांघेत आणि स्तनांखाली घाम साचतो, तिथे बोटाने घडी उघडून बघा. लाल, ओलसर, कडेला बारीक पुटकुळ्या असतील तर बुरशी आहे. जुन्या लुगड्याच्या घड्या वापरत असतील तर वापरू द्या, मऊ असतात. फक्त गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा, लाजेने दाराआड नको. भुसावळला उन्हाची कमी नाही.

आंघोळ घालतानाच सहज विचारा, “आजी, उठताना खाली गोळा आल्यासारखं वाटतं का?” ‘अंग बाहेर येतं’, म्हणजे गर्भाशय खाली सरकतं, हे त्या डॉक्टरला सांगणार नाहीत, तुम्हाला सांगतील. बाहेर आलेला भाग जोर लावून आत ढकलू नका. अंग आत धरून ठेवायला डॉक्टरांनी रिंग बसवली असेल तर ती काढणं-घालणं तुमचं काम नाही. वास, रक्त किंवा लघवीला अडथळा दिसला की कळवा. भाग काळा-निळा पडला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी दवाखाना. शौचाला कुंथणं आणि पाण्याच्या बादल्या उचलणं या दोन्हींनी त्रास वाढतो.

आजोबांचं मुख्य दुखणं प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी वाढणं, असतं: धार बारीक, थेंब-थेंब, रात्री चार-चारदा उठणं. त्या उठण्यातच पडून मांडी मोडते, म्हणून दिवा चालू आणि युरिनल हाताशी ठेवा. सर्दीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू देऊ नका. काहींमुळे लघवी पूर्ण तुंबते. ओटीपोट फुगून टणक आणि लघवी बंद, असं झालं की १०८ ला फोन करा.

कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लिंगाची पुढची कातडी मागे घेऊन धुतली की ती पुन्हा पुढे आणायचीच. मागेच राहिली तर तिथे आवळ बसतो, टोक सुजतं आणि मग ती पुढे येत नाही. ही तातडीची अवस्था आहे. कातडी मागे जातच नसेल तर ओढू नका. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली ठेवा, पण जमिनीला टेकू नये. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा.

आता प्रतिकारशक्ती. म्हातारपणी शरीर ओरडून सांगत नाही. न्यूमोनियातही ताप ९९ वर अडकतो. म्हणून माणूस बरा असतानाच चार दिवस तापमान लिहून ठेवा. तोंडातलं तापमान १०० फॅरनहाइटच्या वर गेलं, वारंवार ९९ च्या वर आलं किंवा नेहमीपेक्षा २ अंशांनी वाढलं, तर तो ताप समजा. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज अचानक बरळायला लागला, जेवेना, तोल जाऊ लागला, तर “वय झालं” म्हणू नका. संसर्ग शोधायला सांगा. उन्हाळ्यात अंग भट्टीसारखं तापलं आणि माणूस भ्रमात असेल तर उष्माघात धरा: १०८ बोलवा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी, वर पंखा.

नागीण आधी दुखते, पुरळ नंतर येतो, तोही अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखा. दोन्ही टोकं जुळली की माणूस दगावतो ही समजूत खोटी आहे. गेरूचा लेप लावत बसण्यात जो वेळ जातो तोच मोलाचा, कारण विषाणूविरोधी गोळ्या पुरळ आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ आली तर डोळ्याला धोका, तासभरही थांबू नका. खपल्या धरेपर्यंत पुरळ झाकून ठेवा. घरात गर्भार सून असेल आणि तिला कांजिण्या झालेल्या नसतील तर तिने हात लावू नये. हे तुम्हालाही लागू.

आमवातात सकाळी बोटं तासाभरापेक्षा जास्त वेळ आखडतात. त्यावर मेथोट्रेक्सेट ही गोळी चालू असेल तर ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळीही बऱ्याचदा तशीच लहान, पिवळी असते आणि अदलाबदल होते. मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जीवावर बेतू शकतं. डबीवर मोठ्या अक्षरात वार लिहा.

उशाखाली गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या सापडल्या तर त्या फेकू नका, डॉक्टरांना नेऊन दाखवा. अशा पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं. ते ताप-सूज दाबून संसर्ग लपवतं, आणि बरेच दिवस घेतलेलं एकदम बंद केलं तर रक्तदाब घसरून माणूस कोसळतो. बंद करायचं ते डॉक्टरच ठरवतील, हळूहळू कमी करत.