आधी हवाबंद थराची रेघ ओढा

जर्मनीत पॅसिव्ह घर, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणारं घर, बांधायला काढलंय ना? मग इन्सुलेशन किती सेंटीमीटर, हा हिशोब जरा थांबवा. घराच्या छेदाचा (उभ्या कापाचा) नकाशा घ्या आणि हवाबंद थराची रेघ लाल पेन्सिलने ओढा. पेन्सिल न उचलता ती पूर्ण फिरली पाहिजे. जिथे अडेल, म्हणजे भिंत-छपराचा सांधा, खिडकीची चौकट, वायरी-पाइपांची भोकं, तिथेच पुढे हवा गळणार.

तिथल्या थंडीत हा थर आतल्या, उबदार बाजूलाच हवा. नाहीतर घरातली दमट हवा फटीतून इन्सुलेशनमध्ये शिरते, गार होऊन तिचं पाणी होतं आणि लाकूड कुजतं. आमच्या छपरात वायरीसाठी मागाहून पाडलेल्या एकाच भोकाने हे झालं. फार वाईट वाटलं होतं.

ब्लोअर डोअर चाचणी, म्हणजे दारात पंखा बसवून घरातला दाब बदलायचा आणि गळती मोजायची, ती जिप्सम बोर्ड लावण्याआधी कराच; तेव्हाच गळती हाताला जाणवते आणि टेपने बुजवता येते. आत-बाहेरच्या दाबात ५० पास्कल फरक असताना तासाला घरातल्या एकूण हवेच्या ०.६ पट हवाबदल, त्याहून जास्त नको.

घर गुदमरणार नाही. उष्णता परत मिळवणारं व्हेंटिलेशन चोवीस तास ताजी हवा देतं. फिल्टर तेवढे वेळेवर बदला.