ऑफिसातली दिवाळी : करावी की पैसे वाटून मोकळं व्हावं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : आमच्या कंपनीत 80 जण आहेत. दरवर्षी दिवाळीआधी शुक्रवारी रात्री हॉटेलात पार्टी असते. गेली दोन वर्षं निम्मे लोकही येत नाहीत, आले तरी जेवून सटकतात. मालक म्हणतात, पार्टी बंद करून माणशी 1,500 रुपयांचं व्हाउचर देऊ. तुमचं मत काय?
— मनुष्यबळ विभाग, खराडी, पुणे

उत्तर : व्हाउचर द्यायचं तर द्या, पण पार्टी बंद करण्याआधी एकदा तिची वेळ बदलून पाहा. न येणारे कोण आहेत याची यादी काढा. बहुधा त्यात लहान मुलांच्या आया असतील, पिंपरीहून किंवा दौंडहून जा-ये करणारे असतील, न पिणारे असतील आणि नव्यानं लागलेली, कुणाशी बोलावं हे न कळणारी पोरं असतील. खराडीत शुक्रवारी संध्याकाळी सातला हॉटेल गाठायचं, अकराला निघायचं आणि घरी पोचेपर्यंत बारा वाजायचे, याला लोक कंटाळलेत. एकत्र बसायला त्यांची ना नाही.

म्हणून कार्यक्रम कामाच्या वेळेत, ऑफिसातच, दुपारी साडेतीन ते साडेपाच ठेवा आणि त्यानंतर सगळ्यांना घरी सोडा. दोन तास पुरतात. वसुबारसेच्या आदल्या दिवसाचा मोह टाळा. गावी जाणारे तोवर निघालेले असतात आणि उरलेल्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं. चार-पाच कामाचे दिवस आधीची तारीख धरा.

खाण्यात नुसता फराळ ठेवू नका. तो घरोघरी होतोच. एक गरम पदार्थ हवा, आणि 80 जणांसाठी मिसळ सोयीची. मटकी कोरडी साडेतीन किलो (आदल्या दिवशी भिजवून मोड काढलेली), फरसाण चार किलो, पाव माणशी तीन म्हणजे 20 डझन, कांदा तीन किलो, लिंबं 30, कट 16 ते 18 लिटर. कांदा-लसूण न खाणाऱ्यांचं पातेलं वेगळं, त्याचा डावही वेगळा. सोबत फराळ माणशी दोन चकल्या, एक करंजी, एक लाडू, 50 ग्रॅम चिवडा. 80 जणांना चिवडा चार किलो लागतो. बचत गटाकडून घेणार असाल तर पंधरा दिवस आधी सांगा, पण तळण कार्यक्रमाच्या तीन-चार दिवस आधीच करायला सांगा. महिनाभर आधी तळलेल्याला खवट वास येतो.

मिसळीचा विचका दोन ठिकाणी होतो. एक, केटरर वेळ वाचवायला वाट्यांत फरसाण आधीच घालून ठेवतो आणि वर कट ओततो. दहा मिनिटांत त्याचा लगदा. फरसाण खाणाऱ्याच्या हातात वाटी पडताना, सगळ्यात शेवटी. दोन, रांग. एका बाजूनं वाढलं तर मिनिटाला तीन-चार माणसं पुढे सरकतात, म्हणजे शेवटच्याला वीस-पंचवीस मिनिटं उभं राहावं लागतं. टेबल भिंतीला चिकटवू नका, मधे ठेवा आणि दोन्ही बाजूंनी वाढा. पाणी आणि चहा तिसऱ्या, लांबच्या टेबलावर, नाहीतर तिथेच गर्दीची गाठ पडते.

भाषणं मिळून दहा मिनिटं. वर्षभराचा आढावा, पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट, स्लाइड्स, यांतलं काहीही नको. त्याला मीटिंग म्हणतात. खेळ ठेवायचा तर सक्ती नको. आकाशकंदील करण्याचं टेबल मांडा. बांबूच्या काड्या, घोटीव कागद, खळ, दोरा. हाताला काम असलं की शेजारच्या टीमचा माणूसही बोलायला लागतो. काड्या आदल्या दिवशी पाण्यात भिजवा, म्हणजे वाकवताना मोडत नाहीत.

पैशांचं दोन ओळींत. केटरिंगच्या बिलावरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, तेव्हा बजेट करासकट धरा. आणि बोनस वेगळा, पार्टी वेगळी. ज्यांना कायद्यानं बोनस लागू आहे त्यांचा किमान 8.33 टक्के हा हक्क आहे. मिसळीचा किंवा व्हाउचरचा खर्च त्यातून वळता करता येत नाही. बोनस थकलेला असताना पार्टी दिली तर लोक येतात, खातात आणि जिन्यात उभे राहून तेच बोलतात.

प्रश्न : भोसरीत आमचं मशीन शॉप आहे. 22 कामगार, चार सीएनसी (संगणकानं चालणारी मशीन), दोन जुने लेथ (कातकामाची मशीन). खंडेनवमीला पूजा होते, घरची मंडळी येतात, जेवण होतं. गेल्या वर्षी पूजेनंतर एका लेथच्या बेडवर (खालच्या बिडाच्या पाटावर) गंज धरला आणि एका सीएनसीचा दरवाजा बंद होऊनही मशीन चालू होईना. मुलगा म्हणतो पूजा ऑफिसात फोटोपुढे करू. कामगार नाराज होतील.
— लघुउद्योजक, भोसरी

उत्तर : फोटोपुढे करू नका. ज्या मशीनवर माणूस वर्षभर उभा राहतो त्याच मशीनला हार घालायचा, हाच त्या दिवसाचा जीव. दसऱ्याला सुट्टी असते म्हणून बहुतेक ठिकाणी नवमीच्या पहिल्या पाळीत पूजा होते, ते बरोबरच आहे. फक्त पद्धत बदलायची.

गंज नारळाच्या पाण्याचा किंवा ओल्या फुलांचा असणार. बेडवर नारळ ठेवून फोडला की पाणी स्लाइडच्या फटीत उतरतं, सुट्टीत दोन दिवस तिथेच राहतं आणि बिडाला गंज धरतो. झेंडूची पानं-फुलं रात्रभर पडून राहिली तरी तेच. नारळ दरवाजाबाहेर दगडावर फोडा, खाली पातेलं ठेवा. मशीनपुढे अख्खा नारळ चालतो.

हळद-कुंकू पत्र्याच्या गार्डवर किंवा दारावर, तेही बोटाच्या टोकानं. चक (जॉब पकडून फिरणारा पंजा), गाइडवे (सरकपट्ट्या), टूल टरेट (हत्यारं बसवलेलं फिरतं डोकं), कंट्रोल पॅनेलची बटणं यांवर नाही. कुंकवाचे कण तेलात मिसळले की स्लाइडवर बारीक एमरीसारखं काम करतात. मायक्रोमीटर, गेज ब्लॉक, सरफेस प्लेट यांची पूजा त्यांच्या पेटीत, झाकण लावून.

सीएनसी चालू न होण्याचं कारण दाराच्या इंटरलॉक स्विचमध्ये (दार नीट लागल्याशिवाय मशीन चालू होऊ न देणारा स्विच) शोधा. दाराच्या कडेला बांधलेल्या तोरणाची पाकळी किंवा दोरा त्या खाचेत अडकला की दार बंद दिसतं, पण स्विच बसत नाही. प्रेसवर लाइट कर्टन (मधे काही आलं की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) असेल तर त्याच्यापुढे लोंबणारी माळही मशीन अडवते. तोरण बांधायची जागा खडूनं आधीच आखून द्या.

क्रम असा ठेवा. आदल्या दिवशी दुपारी चिप काढून, कूलंटचे डाग पुसून साफसफाई. मग प्रत्येक मशीनचा मेन आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद, त्याला कुलूप, किल्ली एकाच सुपरवायझरकडे. नुसतं इमर्जन्सी बटण दाबणं पुरेसं नाही. पॅनेलचं दार पूजेसाठी उघडू नका. वीज बंद केल्यावरही ड्राइव्हमधल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं भार राहतो. उदबत्ती आणि निरांजन पेंट, थिनर, तेलकट चिंध्या यांपासून लांब, एकाच टेबलावर. धूर शोधणारे डिटेक्टर असतील तर सगळी यंत्रणा बंद करायची नाही. तेवढा एक झोन बंद ठेवा, तिथे अग्निशामक घेऊन माणूस उभा करा आणि पूजा संपल्यावर झोन चालू केल्याची वहीत सही घ्या. ही सही राहून जाते आणि यंत्रणा दिवाळीपर्यंत बंद राहते.

पोरंबाळं येणार म्हणून फरशीवरचं तेल भुसा टाकून काढा, जाण्यायेण्याची वाट दोरीनं आखा आणि त्या दोन तासांत फोर्कलिफ्ट हलवू नका. जेवण शॉप फ्लोअरवर नको, शेडबाहेर मांडव घाला.

पुन्हा सुरू करताना हार उतरवल्याची खूण मशीनवार यादीत करा, मगच कुलूप काढा. फिरत्या चकात हाराचा दोरा सापडला तर तो हातही ओढून नेतो. मग कोरड्या फडक्यानं पुसणं, स्लाइडवर तेल, आणि जॉब न लावता कमी वेगात दहा मिनिटं फिरवणं. आपट्याची पानं वाटायची तर कामगाराच्या हातात द्या, मशीनवर ठेवू नका.

प्रश्न : ऑफिसात ‘ट्रॅडिशनल डे’ला माणशी 500 रुपये वर्गणी काढतात आणि दिली नाही तर पगारातून कापू म्हणतात. नऊवारी नेसून नाही गेलं तरी टोमणे. नाही म्हणता येतं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : येतं. कायद्यानं ठरवून दिलेल्या कारणांशिवाय पगारातून कपात करता येत नाही आणि सणाची वर्गणी त्या कारणांत बसत नाही. भांडायची गरज नाही. ‘वर्गणी ऐच्छिक आहे ना, तसं ग्रुपवर लिहाल का?’ एवढंच ईमेलवर विचारा. लेखी उत्तर द्यायची वेळ आली की सक्ती बहुधा विरघळते. आयोजकांनाही सांगणं आहे : कार्यक्रम कंपनीचा असेल तर खर्च कंपनीचा. वर्गणी काढायचीच तर बंद पाकीट फिरवा, कोणी किती दिले याची यादी लावू नका. कपड्यांबद्दल ‘आवडेल ते’ एवढं लिहिलं की पुरे.

प्रश्न : यंदा टीमला लोणावळ्याला एक रात्र नेतोय, 35 जण, त्यात 14 मुली. मद्य ठेवायचं की नाही यावर वाद आहे. ठेवलं तर काय काळजी घ्यावी?
— टीम लीड, मुंबई

उत्तर : आमचं मत विचाराल तर ठेवू नका. मद्यामुळे टीम जवळ येते असं म्हणणाऱ्यांत आधीच जवळ असलेलेच जास्त असतात. ठेवायचंच असेल तर पुढचं पाळा.

महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय 21, बाकी मद्यासाठी 25. नुकत्याच कॉलेजातून आलेल्या 22-23 वर्षांच्यांना व्हिस्की देणं बेकायदा आहे आणि देणारे तुम्ही आहात. रिसॉर्टकडे स्वतःचा बार परवाना आहे का ते बुकिंगआधी विचारा. नसेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून कार्यक्रमापुरता एक दिवसाचा परवाना काढावा लागतो. बसच्या डिकीतून बाटल्या नेणं हा उपाय नाही. तारीख ड्राय डेची नाही ना, तेही बघा.

माणशी दोन कुपन, बार रात्री आठ ते दहा, आणि साडेसातला आधी पोटभर खाणं. रिकाम्या पोटी चढते, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी जेवण साडेदहाला लागतं, कारण ‘आधी थोडं बसू’. न पिणाऱ्यांसाठी सोलकढी, कोकम सरबत, ताक असं नीट काहीतरी ठेवा. त्यांच्या हातात कोमट कोल्ड्रिंक देऊ नका. जलतरण तलाव बार उघडण्याआधी बंद आणि त्याच्या दारावर माणूस. दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून नाच आधी उरका.

महत्त्वाचं म्हणजे, कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013चा कायदा तिथेही लागू आहे. कामानिमित्त गेलेली जागा आणि कंपनीनं दिलेलं वाहन, दोन्ही ‘कामाचं ठिकाण’ धरली जातात. 10 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. निघण्याआधी समितीतल्या दोघांचे फोन नंबर सगळ्यांना पाठवा आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करता येते हेही लिहा. ‘पार्टीतलं मनावर घेऊ नका’ हे वाक्य त्या समितीपुढे चालत नाही. खोल्यांचं वाटप आधी कागदावर करा, तिथे गेल्यावर नाही. ज्यांना राहायचं नाही त्यांच्यासाठी रात्री नऊची गाडी ठेवा आणि ‘लवकर का निघालीस’ असं कोणी विचारणार नाही, याची जबाबदारी तुमच्यावर. फोटो विचारल्याशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी कोणीही स्वतःची गाडी घेऊन सकाळी सातला एक्स्प्रेसवेवर निघणार नाही. न्याहारी दहाला, निघणं अकराला.

प्रश्न : मिठाईचे बॉक्स वाटतो, 200 कामगार, दोन पाळ्या. दरवर्षी दुसऱ्या पाळीतून ‘आंबट लागते’ अशी तक्रार येते.
— स्टोअर्स विभाग, सातारा औद्योगिक वसाहत

उत्तर : बॉक्स सकाळी आठला येत असतील, गेटशेजारी पत्र्याच्या शेडखाली पडून राहत असतील आणि दुसऱ्या पाळीला रात्री सुटताना मिळत असतील. मिठाई खव्याची असेल तर पंधरा तासांत आंबणारच. माल दोन खेपांत मागवा, दुसरी दुपारी चारला. किंवा पदार्थच बदला : बेसनलाडू, शंकरपाळे, चिवडा, काजूकतली हे टिकतात. सोनपापडीही टिकते, पण तो डबा चार घरं फिरून येतो. सुट्या मिठाईवरही ‘अमुक तारखेपूर्वी खावी’ अशी पाटी दुकानात असणं 2020 पासून बंधनकारक आहे. ऑर्डर देताना ती तारीख चलनावर लिहून घ्या.

मोजणी करताना हजेरीपटावर थांबू नका. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, कँटीनची पोरं, ठेकेदाराचे मजूर आणि त्या दिवशी रजेवर असलेले धरून वर पाच टक्के. ठेक्यावरच्यांना अर्ध्या किलोचा आणि कायम असलेल्यांना एक किलोचा बॉक्स, हा प्रकार मात्र बंद करा. दोघं एकाच बसनं घरी जातात आणि बॉक्स मांडीवर असतो.