आईला केमोसाठी पोर्ट बसवायला सांगितलंय. नंतर शेतातली कामं जमतील का?

जमतात, पण जखम पूर्ण भरू द्या आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सुरू करा. मला पोर्ट बसवून दीड वर्ष झालं. आम्ही परभणीकडचे, घरी सोयाबीन अन् तूर.

पोर्ट म्हणजे गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवलेली छोटी डबी. तिची नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते. माझ्या छातीवर बटणाएवढा उंचवटा दिसतो, बाकी काही नाही. सुई लावलेली नसेल तेव्हा आंघोळ खुशाल करा.

मला खरा त्रास झाला फवारणीच्या पंपाचा. पाठीवर घेतला की पट्टा नेमका पोर्टवर! तो पंप आता भावाकडे. खांद्यावर पोतं नाही, पिशवीही दुसऱ्या बाजूला. गाडीत सीटबेल्टखाली रुमालाची घडी ठेवते. खुरपणी, भाकरी थापणं चालतं.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. पोर्टला ह्यूबर नावाची खास सुईच लागते. साध्या सुईने डबीचा पडदा, ज्यातून सुई आत जाते, तो खराब होतो. म्हणून गावातल्या दवाखान्यात कुणी "यातूनच सलाईन लावू" म्हटलं तर सरळ नाही म्हणा, बाईमाणूस म्हणून भिडेखातर गप्प बसू नका. केमो संपली तरी पोर्ट आतून धुवून घ्यायला (फ्लश करायला) जावंच लागतं, साधारण महिन्याने. काही डॉक्टर जास्त अंतर देतात. मी एसटीने संभाजीनगरला जाते, काम दहा मिनिटांचं, दिवस मात्र पूर्ण जातो.

थंडी वाजून ताप आला, पोर्टजवळ लाली किंवा हाताला-मानेला सूज दिसली, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच निघा. पोर्टचं कार्ड आधारकार्डाजवळच ठेवा, एमआरआयच्या वेळी विचारतात.