वाचकांचे प्रश्न : दोष सर्व्हरचा की अ‍ॅपचा?

प्रश्न : आमच्या शेतकरी गटासाठी मी पायथॉनमध्ये एक लहान अ‍ॅप लिहिले आहे. त्यात कापूस, सोयाबीन आणि तूर यांचे रोजचे भाव दिसतात, आणि सभासदांना आपल्या घरी किती माल पडून आहे याची नोंद फॉर्म भरून करता येते. कोणतेही फ्रेमवर्क न घेता मी थेट डब्ल्यूएसजीआयवर काम केले. माझ्या लॅपटॉपवर, पायथॉनसोबत येणाऱ्या साध्या सर्व्हरवर, इंग्रजी नमुना मजकूर घालून पाहिले तेव्हा भावांचे पान नीट उघडले. मात्र फॉर्म पाठवला की तो अडकून बसतो. भाड्याच्या सर्व्हरवर नेमके उलट घडते. तिथे फॉर्म लगेच जातो, पण भावांचे पान खालून तुटते आणि तुरीचा भाव कधीच दिसत नाही. सर्व्हर देणारी कंपनी म्हणते दोष अ‍ॅपमध्ये आहे, मला वाटते सर्व्हरमध्ये आहे. निवाडा कसा करावा? कोडचा तुकडा सोबत जोडला आहे.
— एक वाचक, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

उत्तर : आपल्याकडे मालाच्या वजनावरून शेतकरी आणि व्यापारी यांच्यात वाद झाला, की गाडी दोघांपैकी कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या धरमकाट्यावर नेतात. तुमच्या वादासाठीही असा काटा आहे आणि तो पायथॉनसोबत फुकट मिळतो. तो कसा वापरावा आणि त्याच्यावर कुठवर विसंबावे, हे मात्र नीट समजून घ्यावे लागेल, कारण तुमच्या दोन तक्रारींपैकी एकच त्याच्या पकडीत येणारी आहे.

आधी सर्व्हर आणि अ‍ॅप यांच्यातला करार काय आहे ते पाहू. पायथॉनच्या सुरुवातीच्या काळात झोप, क्विक्सोट, वेबवेअर अशी वेब-फ्रेमवर्क पुष्कळ होती, आणि एखादे फ्रेमवर्क निवडले की कोणता सर्व्हर वापरता येईल हेही बहुतेक ठरूनच जात असे. ही अडचण दूर करण्यासाठी फिलिप एबी यांनी २००३ मध्ये पेप ३३३ (पेप म्हणजे पायथॉनच्या सुधारणेचा प्रस्ताव) मांडला, आणि पायथॉन ३ मधील अक्षरमालिका व बाइट यांच्यातील भेद लक्षात घेऊन २०१० मध्ये त्याची सुधारित आवृत्ती पेप ३३३३ म्हणून आली. या कराराचे नाव डब्ल्यूएसजीआय. (याचा उच्चार अनेक जण ‘व्हिस्की’ असा करतात, दारूबंदीच्या जिल्ह्यातून पत्र लिहिणाऱ्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.) करार तसा छोटा आहे. सर्व्हरने अ‍ॅपला दोन गोष्टी द्यायच्या : मागणीची सगळी माहिती असलेला ‘एन्व्हायरॉन’ नावाचा डिक्शनरी, आणि उत्तराची सुरुवात कळवण्यासाठी ‘स्टार्ट रिस्पॉन्स’ हे फंक्शन. अ‍ॅपने स्थिती आणि हेडर (मजकुराआधी जाणारी त्याच्याविषयीची माहिती) त्या फंक्शनला सांगायचे आणि उत्तराचा मजकूर बाइटांच्या तुकड्यांत परत करायचा.

हा करार दोन्ही बाजू पाळतात की नाही हे तपासण्यासाठी पायथॉनच्या ‘डब्ल्यूएसजीआयरेफ’ या संचात ‘व्हॅलिडेट’ नावाचा भाग आहे. इयान बिकिंग यांनी तो मुळात ‘पेस्ट’ या प्रकल्पासाठी लिहिला होता, आणि २००६ मध्ये आलेल्या पायथॉन २.५ पासून हा संच भाषेसोबतच मिळतो. वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नसल्यामुळे रेंज गेली असतानाही तपासणी करता येते. त्यातील ‘व्हॅलिडेटर’ या फंक्शनला तुमचे अ‍ॅप द्यायचे आणि ते जे गुंडाळलेले अ‍ॅप परत करते तेच सर्व्हरच्या हवाली करायचे; एवढ्या एका ओळीच्या बदलाने हा तपासनीस दोघांच्या मधोमध उभा राहतो. सर्व्हरला तो अ‍ॅप वाटतो आणि अ‍ॅपला सर्व्हर वाटतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी जाणारा माल त्याच्या हातून जातो आणि कुठे नियम मोडलेला दिसला की तो ‘असर्शन एरर’ देऊन काम तिथेच थांबवतो. काही किरकोळ बाबतींत, उदाहरणार्थ स्थितीच्या आकड्यापुढे ‘ओके’सारखे शब्द लिहिलेले नसतील तर, तो थांबत नाही, फक्त इशारा देतो.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे या चुकीचा ट्रेसबॅक (चूक कोणत्या ओळींतून उठली याची यादी), आणि त्यातही शेवटच्या दोन-तीन ओळी. चूक एन्व्हायरॉन तपासणाऱ्या फंक्शनमधून उठली असेल, म्हणजे सर्व्हरने खरा डिक्शनरी न देता त्याच्यासारखे दुसरे काही दिले, सर्व्हरचे नाव किंवा पोर्ट दिले नाही, किंवा मागणीचा पत्ता तिरप्या रेघेने सुरू झाला नाही असे असेल, तर बोट सर्व्हरकडे जाते. अर्थात मध्ये एखादे मिडलवेअर (सर्व्हर आणि अ‍ॅप यांच्या मध्ये बसणारा कोड) बसवले असेल तर आधी त्याची झडती घ्यावी. चूक स्थिती, हेडर किंवा परत केलेला मजकूर तपासताना उठली असेल, तर ती अ‍ॅपची. हेडरची यादी खरीखुरी लिस्ट नसणे, हेडरचे मूल्य अक्षरमालिकेऐवजी आकडा असणे, मजकूर असूनही त्याचा प्रकार न सांगणे, मजकूर लिस्टमध्ये न ठेवता तसाच परत करणे, या चुका मी स्वतःच्या कोडमध्येही पुष्कळदा केल्या आहेत.

आता तुमचा फॉर्म. तुमच्या तुकड्यात फॉर्मची माहिती वाचताना ‘रीड’ला कंसात काहीच दिलेले नाही. व्हॅलिडेटर लावून फॉर्म पाठवलात तर तो याच ओळीवर अडेल. तिथली चूक मात्र कोणत्याही खुलाशाशिवाय येते, कारण त्या तपासणीला संदेशच जोडलेला नाही. तेव्हा ‘रीड’ला नेमकी एकच संख्या मिळाली पाहिजे हा नियम त्या ओळीतूनच वाचून घ्यावा लागतो. लॅपटॉपवर फॉर्म अडकण्याचे कारणही तेच आहे. तो साधा सर्व्हर ब्राउझरकडून येणारा प्रवाह जसाच्या तसा अ‍ॅपच्या हाती देतो, आणि किती वाचायचे हे सांगितले नाही तर प्रवाह संपेपर्यंत वाचन चालू राहते. पण ब्राउझरने जोडणी उघडीच ठेवलेली असते, कारण तो उत्तराची वाट पाहत असतो. दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात. भाड्याचा सर्व्हर बहुधा फॉर्मची लांबी पाहून तिथे प्रवाहाचा शेवट झाल्याचे भासवत असावा, म्हणून तिथे काम होते. इथे सगळा ठपका तुमच्यावर ठेवणे न्यायाचे होणार नाही, कारण पेप ३३३३ मध्ये सर्व्हरने ‘रीड’ला संख्येविनाही चालू द्यावे अशी शिफारस आहे, म्हणजे या बाबतीत तपासनीस करारापेक्षा थोडा अधिक कडक आहे. पण त्याच करारात अ‍ॅपने सांगितलेल्या लांबीपेक्षा जास्त वाचू नये असेही म्हटले आहे. एन्व्हायरॉनमधून ‘कंटेंट लेंग्थ’ घ्या, ती रिकामी असेल तर शून्य धरा, आणि तेवढेच वाचा. मग कोणताही सर्व्हर आला तरी फॉर्म जाईल.

तुरीचा भाव का दिसत नाही याचे उत्तर व्हॅलिडेटर देणार नाही. काटा वजन सांगतो, कापसातला ओलावा सांगत नाही. तुम्ही उत्तराच्या हेडरमध्ये ‘कंटेंट लेंग्थ’ लिहिताना पानाच्या अक्षरमालिकेची लांबी मोजली आहे, आणि ती नंतर यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) बदलली आहे. इंग्रजी अक्षर यूटीएफ-८ मध्ये एक बाइट घेते, देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन घेते. ‘कापूस’ हा शब्द पायथॉनला क, काना, प, दीर्घ ऊकार आणि स असा पाच चिन्हांचा दिसतो, पण तारेवरून त्याचे पंधरा बाइट जातात. पाचच येणार असे ब्राउझरला सांगितले तर तो ‘क’ पूर्ण घेतो, पुढच्या चिन्हाचे दोन बाइट घेतो आणि थांबतो. तुमच्या पानात टॅगांची इंग्रजी अक्षरे मिसळलेली असल्यामुळे तूट तेवढी मोठी दिसत नाही, पण जेवढी आहे ती शेवटच्या ओळींवर पडते, आणि तुमच्या यादीत शेवटी तूर आहे. लॅपटॉपवर नमुना मजकूर इंग्रजीत असल्यामुळे अक्षरे आणि बाइट यांची संख्या सारखीच होती. म्हणजे सर्व्हर बदलताना तुम्ही नकळत मजकूरही बदललात आणि दोष सर्व्हरच्या माथी गेला. लॅपटॉपवर मराठी मजकूर घालून पाहा, पान तिथेही तुटेल. आधी बाइट करा, मग मोजा, आणि आलेली संख्या अक्षरमालिका म्हणून हेडरमध्ये द्या. एकाच तुकड्याची लिस्ट परत करत असाल तर हे हेडर न देणेही चालते, कारण तुमच्या लॅपटॉपवरचा तो साधा सर्व्हरदेखील ते स्वतः मोजून घालतो.

तुकड्यात आणखी एक गोष्ट दिसली, जी तुम्ही विचारलेली नाही. पानांचे पत्ते मराठीत ठेवायचे असतील, तर एन्व्हायरॉनमध्ये मागणीचा पत्ता वाचता न येणाऱ्या अक्षरांच्या रांगेसारखा दिसेल. तो सर्व्हरचा दोष नाही. बाइट लॅटिन-१ (एका बाइटाला एक अक्षर मानणारी जुनी पद्धत) समजून अक्षरमालिकेत भरावेत असेच पेप ३३३३ सांगते. तुम्ही ती मालिका लॅटिन-१ मध्ये परत बाइट करून यूटीएफ-८ म्हणून वाचायची. व्हॅलिडेटर यावर काही बोलणार नाही.

तेव्हा कंपनीला सध्या काही लिहू नका. या दोन दुरुस्त्या करा, व्हॅलिडेटर लावून अ‍ॅप भाड्याच्या सर्व्हरवर एकदा चालवा, आणि तरीही एन्व्हायरॉनच्या तपासणीत चूक आली तर पूर्ण ट्रेसबॅक त्यांना पाठवा. तपासनिसाने चूक दाखवली असेल तर दोघांपैकी कोणीतरी करार मोडला आहे हे जवळजवळ निश्चित समजावे.

प्रश्न : मी मेहकर तालुक्यातील एका शाळेत शिक्षक आहे. शाळेच्या निकालाच्या अ‍ॅपला व्हॅलिडेटर कायमचा लावून ठेवला तर चालेल का?

उत्तर : लावू नये. तो चूक दिसताच काम थांबवतो, आणि निकालाच्या दिवशी पालकांना गुणांऐवजी ५०० हा सर्व्हरवरील बिघाडाचा आकडा दिसला तर त्यांना त्यातून काहीच कळणार नाही. शिवाय काही दोष तो वेळेवर सांगूही शकत नाही : सर्व्हरने उत्तर संपल्यावर त्याचे ‘क्लोज’ हे फंक्शन बोलावले नाही, हे त्या उत्तराची वस्तू स्मृतीतून पुसली जाताना कळते, म्हणून त्याची फक्त एक ओळ लॉगमध्ये पडते. त्याची जागा चाचण्यांमध्ये आहे. ‘डब्ल्यूएसजीआयरेफ’मध्येच चाचणीसाठी एन्व्हायरॉन भरून देणारे ‘सेटअप टेस्टिंग डिफॉल्ट्स’ हे फंक्शन आहे. ते वापरून सर्व्हर सुरू न करताही प्रत्येक पान व्हॅलिडेटरमधून काढता येते, फक्त परत आलेल्या उत्तरावर शेवटी ‘क्लोज’ बोलवायला विसरू नये, नाहीतर लॉगमधली ती ओळ तुमच्याच चाचणीविषयी असेल.