लंडनच्या ट्रॅफल्गार स्क्वेअरमधला ख्रिसमस ट्री नॉर्वेहून का येतो? आणि तो इतका विरळ का दिसतो?

दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचा राजा आणि सरकार लंडनच्या आश्रयाला होतं. त्याची आठवण ठेवून ऑस्लो शहर 1947 पासून दरवर्षी हे झाड पाठवतं. साधारण 20 मीटर उंचीचा हा स्प्रूस (सुईसारख्या पानांचा वृक्ष) नोव्हेंबरात तोडून जहाजाने आणतात. चौकात क्रेनने उभा करून बुंधा सव्वा मीटरभर खोल खड्ड्यात उतरवतात आणि पाचरी ठोकतात. वेगळा आधार नसतो.

विरळपणाची ओरड ठरलेलीच. पण हे जंगलातलं झाड, बागेत छाटून दाट केलेलं नव्हे. शिवाय प्रवासात फांद्या आवळून बांधलेल्या असतात, त्या लगेच पसरत नाहीत. दिव्यांच्या माळाही नॉर्वेच्या रीतीने उभ्या सोडतात, गुंडाळत नाहीत. त्यामुळे मधल्या फटी जास्तच डोळ्यांत भरतात. बघायचा तर अंधार पडल्यावरच बघा. दिवे डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी लागतात, झाड 5 जानेवारीच्या सुमारास उतरवतात.