अक्षर 'ण' आलंय, आता नाव काय ठेवू?

मागच्या अंकात आपण बाळाच्या नावाबद्दल प्रश्न मागवले होते. बरीच पत्रं आलीत, सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि ज्यांनी नाव छापू नका म्हटलंय त्यांची नावं कुठेच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मला मुलगा झालाय, पुढच्या रविवारी बारसं आहे. गुरुजींनी पत्रिका काढली तर हस्त नक्षत्र तिसरा चरण आला आणि अक्षर निघालं 'ण'. सासूबाई म्हणतात अक्षर सोडायचं नाही. नणंद म्हणते नाव ठेवायचा मान आत्याचा, तिने फॅमिली ग्रुपवर भली मोठी लिस्ट टाकलीये आणि रोज विचारते कुठलं फायनल केलं. आम्हा दोघांना पहिल्यापासून 'मल्हार' आवडतं, आमचं कुलदैवतही जेजुरीचं. पण नवरा आईसमोर काही बोलत नाही. बाळंतपण राहिलं बाजूला, मला रोज रडू येतंय.
– एक आई, नाशिक

उत्तर : आधी ते रडू थांबव बाई, ओल्या बाळंतिणीला असा ताण बरा नाही. आता ऐक. नक्षत्रं २७, प्रत्येकाचे चार चरण म्हणजे चार भाग, आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर, म्हणजे १०८ अक्षरं, यालाच अवकहडा चक्र म्हणतात. चंद्र एका नक्षत्रात साधारण दिवसभर असतो त्यामुळे पाच-सहा तासांनी चरण बदलतो आणि अक्षरही बदलतं. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. तुझ्या बाळाला 'ण' आलं. आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला 'ङ' येतं, उत्तरा भाद्रपदाच्या चौथ्याला 'ञ'. या अक्षरांवरून मराठीत नाव सुरूच होत नाही, त्यामुळे ही अक्षरं आलेल्या मुलांची नावं गुरुजी पिढ्यानपिढ्या दुसऱ्या अक्षरांवरूनच ठेवत आलेत. सासूबाईंनी हे तुमच्याच गुरुजींना विचारावं, ते सांगतील.

आणि याहून महत्त्वाचं म्हणजे नामकरणाच्या विधीत बाळाला एकच नाव नसतंच मुळी. चार असतात: कुलदेवतेवरून, महिन्यावरून, नक्षत्रावरून आणि चौथं व्यवहारातलं. ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने लिहितात ना, ते हेच. महिन्यांची नावं तर ठरलेलीच आहेत, श्रावणातल्या बाळाला वासुदेव, भाद्रपदातल्याला हरि, कार्तिकातल्याला पुंडरीकाक्ष. ती विधीत घेतात, शाळेच्या दाखल्यावर कुणी घालत नाही. तसंच नक्षत्राच्या नावाचं. त्याची जागा परंपरेनेच वेगळी ठेवलीये, म्हणून व्यवहारातलं नाव मल्हार ठेवलं तर काहीही मोडत नाही. उलट कुलदैवत खंडोबा असताना घरात मल्हार येतोय, याचा आनंद सासूबाईंना व्हायला हवा आणि नीट सांगितलं तर होईल असं मला मनापासून वाटतं.

आता नणंदेचं. मान आहेच तिचा, तो कमी करायचा नाही. पण तो मान कानात नाव सांगण्याचा आहे. नाव तुम्ही दोघांनी ठरवा आणि बारशाच्या आधी सगळ्यात पहिल्यांदा फक्त तिला फोन करून सांगा, की हे नाव तुझ्या तोंडून बाळाच्या कानात जाणार आहे. आधी वरवंटा पाळण्यात घालतील, मग कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून फिरवतील, मग ती कुर्रर्र करेल आणि तिच्या पाठीत धपाटे बसतील. हा सगळा तिचाच सोहळा आहे, तो तिला मनसोक्त करू दे. तिच्या लिस्टमधलं एखादं नाव घरात हाक मारायला घेता येईल, ते तिला फार आवडेल.

राहिला नवरा. आई त्याची, बहीण त्याची, तेव्हा बोलायचं त्यानेच. तू बोललीस तर ते सुनेचं बोलणं होतं आणि तो बोलला तर मुलाचा हट्ट होतो, घराघरात हे असंच असतं. त्याला हे पान वाचायला दे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो, मार्चमध्ये बाळ येतंय. मुलगी झाली तर ह्यांना 'ज्ञानदा' ठेवायचंय. मला भीती वाटते की इथल्या शाळेत कुणालाच नाव घेता येणार नाही, पोरगी वैतागेल. मी 'मिया' म्हणतेय तर माझी आई भारतातून रुसून बसलीये.
– न्यू जर्सीहून

उत्तर : पहिली गोष्ट, तिकडे जन्मदाखल्याचे फॉर्म हॉस्पिटलमधून घरी यायच्या आधीच भरून घेतात, त्यामुळे बारशाला ठरवू असं म्हणून चालत नाही. दोन नावं आधीच पक्की करून ठेवा.

'ज्ञ' बाबतीत तुझी भीती खरी आहे. आपण लिहिताना डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाले जी-वाय लिहितात आणि इंग्रजी वाचणाऱ्याला दोन्हीतून काही कळत नाही. ळ, ण, ऋ, त-थ, ध-घ यांचंही तेच. एक करून बघ. मनातली चार-पाच नावं कागदावर इंग्रजीत लिही आणि ऑफिसातल्या मराठी न येणाऱ्या दोघा-तिघांना वाचायला दे. जे नाव थोडं चुकून का होईना ओळखू येईल ते ठेवायला हरकत नाही. तारा, मीरा, रेवा, ईशा ही नावं इकडे आजीला आणि तिकडे बाईंना दोघींनाही सहज येतात, आणि त्यात आपलं काही सोडल्यासारखंही होत नाही.

पण केवळ भीतीपोटी आवडतं नाव टाकू नकोस. लांबलचक पोलिश आणि आयरिश नावं तिथले शिक्षक शिकतातच की, आपलंही शिकतील. मुलीला बोलता यायला लागलं की 'माझं नाव असं म्हणा' हे न लाजता सांगायला शिकवायचं, एवढं आईबापांनी केलं पाहिजे. मधल्या नावाचा मात्र नीट विचार करा, आपल्याकडे सवयीने वडिलांचं घालतात आणि तिकडे फॉर्मवर जे लिहाल तेच पुढे पासपोर्ट, ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) सगळीकडे जुळवावं लागतं. ज्ञानदा अगदीच सोडवत नसेल तर ते मधलं नाव करता येईल.

प्रश्न : मला तिसरी मुलगी झाली. घरात कुणी पेढे वाटले नाहीत. चुलत सासूबाई म्हणतात 'नकोशी' नाव ठेवा म्हणजे पुढचा मुलगा होतो, अनुभव आहे. दीर म्हणतो ते नको तर 'अंतिमा' ठेवू. मिस्टर गप्प आहेत. मी काय करू?
– नाव छापू नये

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी तुमच्या लेकीला आमच्या सगळ्यांकडून खूप खूप आशीर्वाद.

हे नाव अजिबात ठेवू देऊ नका. सातारा जिल्ह्यात अशा नकोशी, नकुसा नावाच्या मुली शोधून काढल्या होत्या आणि २०११ च्या ऑक्टोबरमध्ये जिल्हा प्रशासनाने कार्यक्रम घेऊन २८५ मुलींची नावं बदलली. काही मुलींनी स्वतःची नावं स्वतः निवडली, कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. विचार करा, शाळेत रोज हजेरीला सगळ्या वर्गासमोर बाई 'नकोशी' म्हणून हाक मारणार आणि त्या पोरीने 'हजर' म्हणायचं, ते पण दहा वर्षं. जुन्या काळी मुलं जगत नसत म्हणून धोंडू, दगडू, कचरू अशी नावं ठेवायचे, वाईट नजर लागू नये आणि पोर जगावं म्हणून. तिथं निदान पोर हवं होतं. नकोशीत पोरच नको आहे. 'अंतिमा' ऐकायला बरं वाटतं पण अर्थ तोच, आता पुरे. मोठी झाल्यावर तिला तो कळणारच आहे.

राहिला पुढचा मुलगा. मुलगा की मुलगी हे वडिलांकडून एक्स येतो की वाय यावर ठरतं, आधीच्या बहिणीच्या नावाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. आणि मिस्टरांचं गप्प राहणं इथं चालणार नाही, ती त्यांचीही मुलगी आहे. घरात ऐकत नसतील तर तुमच्या अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना सोबत घ्या, घरच्यांशी त्या बोलतील. बारसं माहेरी करा. नाव तुम्ही स्वतः ठरवा, थोरल्या दोघी बहिणींना विचारून ठरवा, आणि जन्माच्या नोंदीत लवकर घालून टाका म्हणजे मागाहून कुणी दुसरं घुसवणार नाही. पेढे वाटा. पाव किलो का असेना, पण वाटा.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचं नाव भागीरथी, फार मोठ्या मनाची बाई. वाटत होतं पणतीला त्यांचं नाव मिळावं, पण मुलगा-सून 'कायरा' म्हणतात. मला ते नाव नीट म्हणताही येत नाही.
– एक आजी, सांगली

उत्तर : आजी, तुमची इच्छा अगदी रास्त आहे. पण आईबापांनी ठरवलेलं नाव त्यांना ठेवू द्या आणि तुम्ही पाळण्यातलं नाव भागीरथी ठेवा, भागू म्हणा, भागीबाई म्हणा. तुमच्या तोंडून पोरगी ते ऐकत मोठी होईल. आणि नुसतं नाव नका देऊ, त्या भागीरथीबाई कशा होत्या ते तिला सांगा, ते सांगणारं घरात आता दुसरं कुणी नाही.

प्रश्न : मुलगा आठ महिन्यांचा झालाय, जन्मदाखल्यावर नावाची जागा अजून रिकामीच आहे. आता काही अडचण येईल का? आणि आईचं नाव घालायचं म्हणतात ते कसं?
– एक बाबा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अडचण नाही पण आता लांबवू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती तुमची झालेलीच आहे. नाव नंतर घालता येतं, १२ महिन्यांपर्यंत फी न भरता, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. जन्म जिथे नोंदवलाय तिथल्याच महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा, तुम्ही आता राहता तिथे नाही. यात बरेच लोक चुकीच्या ऑफिसात हेलपाटे घालतात.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, लायसन्स, मतदार यादी अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे त्यावर नाव बरोबर हवं. आईच्या नावाचं म्हणाल तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने क्रम ठरवून दिलाय, आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. मला हा निर्णय फार आवडलाय, नऊ महिने जिने वाढवलं तिचं नाव कागदावर यायला इतकी वर्षं लागायला नको होती.

नोंद करताना खिडकीपाशीच उभं राहून मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग तपासा. 'आरव'ला एक ए की दोन, 'श्री'त डबल ई की आय, हे घरून लिहूनच न्या. एकदा नाव चढलं की मागाहून बदलायला प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात असं सगळं मागे लागतं, आणि तोवर आधार निघालेलं असलं तर तेही दुरुस्त करावं लागतं.